मक्याच्या मायदेशात मका शिकवणारा वर्ध्याचा माणूस : डॉ. पांडुरंग खानखोजे आणि आपल्या रानाचा खताचा हिशेब

कोल्हापूर : खरिपाच्या तोंडावर खताच्या दुकानात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. मक्याला एकरी किती पोती टाकायची? शेजाऱ्यानं डीएपीची दोन टाकली म्हणून आपणही दोन टाकतो. कुणी युरियाची तीन पोती एकाच पाण्यावर विस्कटून मोकळा होतो. गगनबावड्याच्या तांबड्या रानाला आणि शिरोळच्या काळ्या रानाला एकच माप चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पेरणीच्या गडबडीत तेवढा विचार करायला सवड कुणाला?

रान बघून मका करायचा, या एकाच कामात आयुष्याचा मोठा भाग घालवलेला एक मराठी माणूस होऊन गेला. मका ज्या मुलखात जन्मला त्या मेक्सिको देशात जाऊन त्यांनी तिथल्याच शेतकऱ्यांना मका शिकवला. तिकडं त्यांचं चित्र सरकारी इमारतीच्या भिंतीवर आहे. आपल्याकडं मात्र मका पेरणाऱ्या बऱ्याच जणांनी त्यांचं नावही ऐकलेलं नसतं. ते म्हणजे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

वर्ध्यातून थेट अमेरिकेला

खानखोजे यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात वर्ध्यात झाला. वडील अर्ज लिहून देण्याचं काम करायचे. घर साधं. शाळा वर्ध्यात झाली, पुढचं शिक्षण नागपुरात. तो काळ लोकमान्य टिळकांचा. इंग्रजांना घालवायचं तर शिकलं पाहिजे आणि लढायलाही आलं पाहिजे, या विचारानं त्यावेळची बरीच पोरं पेटलेली होती. खानखोजे त्यातलेच. विशीच्या आसपास त्यांनी घर सोडलं आणि जपानमार्गे अमेरिका गाठली. त्याच सुमाराला आपल्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं होतं, एवढं सांगितलं की काळ ध्यानात येईल.

अमेरिकेत त्यांनी दोन गोष्टी एकदम शिकायला घेतल्या. कॅलिफोर्नियात एका लष्करी शाळेत ते दाखल झाले आणि दुसरीकडं शेतीचं शिक्षण घेतलं. वॉशिंग्टन स्टेट कॉलेजमधून १९१३ च्या सुमारास त्यांचं शिक्षण पूर्ण झालं. तो भाग कोरडवाहू गव्हाचा. पाऊस बेताचा, ओल धरून ठेवायची आणि तिच्यावरच पीक काढायचं, अशी तिथली शेती. विदर्भातल्या पोराला त्यात आपल्याकडची शेती दिसली असणार.

त्याच वर्षी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गदर पक्ष उभा राहिला. लाकूड गिरण्यांत आणि शेतांवर राबणारे पंजाबी मजूर, लाला हरदयाळ यांच्यासारखे विद्वान आणि खानखोजे यांच्यासारखे विद्यार्थी त्यात एकत्र आले. लढाईची तयारी करणाऱ्या गटाची जबाबदारी खानखोजे यांच्याकडं होती. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा ते इराणात पोहोचले. तिथल्या टोळ्यांना सोबत घेऊन हिंदुस्थानच्या सरहद्दीकडून इंग्रजांवर चालून जायचा बेत होता. तो फसला. खानखोजे जखमी झाले, पकडले गेले, निसटले, वेष बदलून फिरत राहिले. पुढं बर्लिन झालं, मॉस्को झालं. इंग्रज सरकारनं नाव काळ्या यादीत टाकलेलं, त्यामुळं मायदेशी परतायची वाट बंद. चाळिशी जवळ आलेली, हातात बंदूक उरली नव्हती आणि घरही नव्हतं. शेतीची विद्या तेवढी शिल्लक होती.

मेक्सिकोत जमीन मिळाली, पण पीक नव्हतं

१९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले. अमेरिकेत असताना ओळख झालेले काही मेक्सिकन मित्र आता तिथल्या सरकारात होते. राजधानीजवळ चापिंगो गावी एका मोठ्या जमीनदाराच्या वाड्यात राष्ट्रीय कृषी विद्यालय नुकतंच आलं होतं. तिथं खानखोजे शिकवायला लागले.

मेक्सिकोत १९१० पासून क्रांतीची धुमश्चक्री झाली होती. एमिलियानो झापाता यांच्यासारख्या पुढाऱ्यांमागं शेतकरी जमिनीसाठी लढले. १९२० नंतर जमीनदारांच्या जमिनी गावांना मिळू लागल्या. पण नुसती जमीन मिळून भागत नाही, हे कूळकायद्यानंतर आपल्या आजोबा-पणजोबांनीही अनुभवलंय. बी चांगलं नाही, हातात पैसा नाही, आणि शिकवायला येणारा अधिकारी शहरातला. पुस्तकात लिहिलेलं शेत एक आणि समोरचं शेत दुसरंच.

आता हा मुलूख कसा आहे, तेही बघितलं पाहिजे. समुद्रकाठच्या दमट गरम पट्ट्यापासून तीन हजार मीटरच्या आसपास उंचीच्या थंड डोंगरांपर्यंत मेक्सिकोत मका पिकतो. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्याच शेतकऱ्यांनी टिओसिंटे नावाच्या रानटी गवतातून मका घडवला. दर खोऱ्यानं आपापलं बी निवडत नेलं, म्हणून तिथं मक्याचे साठच्या आसपास गावरान प्रकार सापडतात. एका खोऱ्यातला मका दुसऱ्या खोऱ्यात नेऊन लावला तर तो नीट येईलच असं नाही.

चापिंगोचीच गोष्ट घ्या. उंची समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर. पाऊस बेताचा. धुकं-दहिवर पडून पीक करपायची भीती. शेजारी टेस्कोको तलावाचा आटलेला तळ, त्याची जमीन खारट, वर पांढरा थर. शिरोळ-हातकणंगल्यातल्या क्षारपड पट्ट्यातला माणूस तिथं गेला तर त्याला ते रान ओळखीचं वाटेल.

खानखोजे यांनी अशा ठिकाणी मक्याचं काम सुरू केलं. थंडी सोसणारा मका हवा, पाण्याची ताण सोसणारा हवा, यासाठी निवड आणि संकर करत राहिले. मक्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे, त्याच्याशीही त्यांनी मक्याचा संकर केला. झाडावर एका कणसाच्या जागी कणसांचा झुबका धरणाऱ्या एका वेगळ्या मक्यावर त्यांनी बरीच वर्षं खर्च केली. त्याला ग्रानादा मका म्हणायचे. त्यावरचं त्यांचं स्पॅनिश पुस्तक १९३६ मध्ये निघालं. मक्याबरोबर गहू आणि कडधान्यांवरही त्यांनी काम केलं.

शाळा शेतकऱ्याच्या बांधावर

विद्यालयात शिकवून त्यांचं समाधान झालं नाही. चापिंगोच्या आसपासच्या गावांत १९२८ च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा सुरू झाल्या. मोठी इमारत नाही, फी नाही. शिकणारे स्वतः शेतकरी, शिकायची जागा गावचंच रान. यातल्या एका शाळेला झापाता यांचं नाव दिलेलं होतं.

या शाळांची जात वेगळी होती. अधिकाऱ्यानं वरून सांगायचं आणि शेतकऱ्यानं मान डोलवायची, हा रिवाज तिथं मोडला. शेतकऱ्याला आपल्या रानाची ओल, थंडी, वारा, माती ठाऊक असते. शास्त्रज्ञाला पिकाची अंतर्गत गोष्ट ठाऊक असते. दोघांनी एका वाफ्यात उभं राहिल्याशिवाय त्या रानाला साजेसं पीक हाती लागत नाही.

त्या काळात मेक्सिको शहर चित्रकारांनी गजबजलेलं होतं. दिएगो रिव्हेरा हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर त्यांनी काढलेल्या चित्रांत, भाकरी वाटून खाणाऱ्या माणसांच्या पंगतीत, खानखोजे यांना बसवलं आहे. इटलीत जन्मलेल्या प्रसिद्ध छायाचित्रकार टीना मोदोत्ती यांनी त्यांच्या शाळांचे आणि मक्याच्या कणसांचे फोटो काढले. आजही जगातल्या संग्रहालयांत ते फोटो बघायला मिळतात. १९३६ मध्ये खानखोजे यांनी बेल्जियमच्या जीन सिंडिक यांच्याशी लग्न केलं. त्यांना दोन मुली झाल्या. त्यातल्या सावित्री साहनी यांनी पुढं वडिलांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं.

आपल्या बारा तालुक्यांत एकच माप कसं चालेल?

खानखोजे मुख्यतः बियाण्याचे माणूस. पण रान बघून बी ठरवायचं, हा जो त्यांच्या कामाचा गाभा, तोच खतालाही लागू पडतो. आणि त्यासाठी मेक्सिकोपर्यंत जायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि शिरोळला पाच-सहाशे. दोन तासांच्या गाडीवाटेत एवढा फरक.

मक्यासाठी महात्मा फुले कृषी विद्यापीठाची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ४० किलो पालाश अशी आहे. एकरी धरलं तर ४८, २४ आणि १६ किलो. पोत्यांत मांडलं तर असं : डीएपीचं ५० किलोचं एक पोतं, पोटॅशचं अर्ध्याला थोडं जास्त आणि युरियाची ४५ किलोची जेमतेम दोन पोती. डीएपी, पोटॅश आणि साधारण १५ किलो युरिया पेरणीला. उरलेला युरिया दोन वेळा, ३० दिवसांनी ३५ किलो आणि ४० ते ४५ दिवसांनी ३५ किलो. शेणखत एकरी चार ते पाच टन आणि जस्ताची कमतरता असेल तर झिंक सल्फेट ८ ते १० किलो.

आता बघा, डीएपीची दोन पोती टाकली तर स्फुरद ४६ किलो जातं. गरजेच्या जवळजवळ दुप्पट. पैसा तर वाया जातोच, वर जादा स्फुरदामुळं झाडाला जस्त मिळेनासं होतं. मग कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे दिसतात आणि आपण त्यावर आणखी एक औषध विकत आणतो.

ही शिफारस म्हणजे सुरुवात. तिच्यात बदल मातीचा अहवाल सांगतो. अहवालात एखादं अन्नद्रव्य कमी असेल तर त्याची मात्रा २५ टक्क्यांनी वाढवायची, अत्यंत कमी असेल तर ५० टक्क्यांनी. जास्त असेल तर २५ टक्के आणि अत्यंत जास्त असेल तर निम्मी कमी करायची. म्हणजे तुमच्या काळ्या रानात पालाश अत्यंत जास्त निघालं तर एकरी १६ ऐवजी ८ किलो, म्हणजे पोटॅश १३ किलोच्या आसपास बस्स झालं.

तालुक्यागणिक काय बघायचं, तेही थोडक्यात सांगतो.

शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड, भुदरगडचा डोंगरपट्टा : इथली बरीच जमीन तांबडी आणि आम्लधर्मी. लोह-अॅल्युमिनियममुळं स्फुरद मातीत अडकून बसतं, म्हणून ते विस्कटू नका, बियाच्या ओळीशेजारी खाली पेरा. नत्र पावसाबरोबर वाहून जातं. त्यामुळं युरिया तीनऐवजी चार हप्त्यांत द्या आणि मोठ्या पावसाचा अंदाज असेल तेव्हा हात आवरा. मक्याला पाणी साचलेलं सोसत नाही, चर आधी काढा. सामू फारच खाली असेल तर अहवाल दाखवून चुन्याबद्दल विचारा.

करवीर, पन्हाळा, कागल, हातकणंगल्याचा नदीकाठ : इथं बऱ्याचदा उसाच्या मागं मका येतो. उसाला घातलेल्या खतातलं स्फुरद मातीत शिल्लक असू शकतं. तपासल्याशिवाय डीएपी ओतू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या रानात गाळ बसला, त्यांनी त्याआधीचा अहवाल बाजूला ठेवावा. वरची माती आता तीच राहिलेली नाही.

शिरोळ आणि पूर्वेकडची काळी भारी रानं : पालाश सहसा भरपूर, चुनखडीमुळं जस्त आणि लोह मात्र पिकाला मिळत नाही. युरिया उघड्यावर टाकला तर वाफ होऊन उडतो, मातीआड करा. क्षारपड रानात पानांच्या कडा करपतात आणि ते पालाशच्या कमतरतेसारखं दिसतं. त्यावर आणखी खत टाकणं म्हणजे मीठ वाढवणं. आधी पाण्याचा निचरा, मग खत. जिप्सम कधी टाकायचं तेही मातीच्या अहवालावरूनच ठरतं, कारण खारवट आणि चोपण जमिनीचा उपाय एक नाही.

पीकही बोलतं, ते ऐकायची सवय ठेवा. जुनं पान टोकाकडून मधल्या शिरेनं पिवळं पडत गेलं तर नत्र कमी. रोपं जांभळट दिसली तर स्फुरद कमी, किंवा थंडी-ओलीनं मुळं चालत नाहीत. जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पालाश बघा.

नमुना कसा घ्यायचा

पेरणीआधी, खत टाकण्याआधी नमुना घ्या. रानात नागमोडी चालत आठ-दहा जागा धरा. प्रत्येक ठिकाणी वितभर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन कडेची माती काढा. बांध, उकिरडा, झाडाची सावली आणि पाटाजवळची जागा टाळा. सगळी माती मिसळून, चार भाग करत करत शेवटी अर्धा किलो ठेवा, सावलीत वाळवा. रंग किंवा उतार वेगळा असेल तर नमुनाही वेगळा. पिशवीवर नाव आणि गट नंबर लिहून कृषी सहायकाकडं, जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात द्या. मृद आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ पासून सुरू आहे. पत्रिका घरात पडून असेल तर त्यावरचं साल तपासा. तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर नवा नमुना द्या.

आणि खानखोजे यांच्या शाळेसारखं एक काम स्वतःच्या रानात करा. चार सऱ्यांना अहवालाप्रमाणं खत द्या, शेजारच्या चार सऱ्यांना नेहमीसारखं. काढणीला दोन्हींची कणसं वेगळी मोजा, वेगळी तोला. दोन्हींचा खर्चही लिहून ठेवा. बी निवडतानाही आपल्या पट्ट्यातली चाचणी विचारा. कोल्हापूरच्या मका संशोधन केंद्रातून ‘राजर्षी’सारखा संकरित मका आलेला आहे. वैरणीचा आणि दाण्याचा मका यांचा खताचा हिशेबही वेगळा असतो, हे विचारताना सांगा.

परतीची वाट

देश स्वतंत्र झाल्यावरही खानखोजे यांना परत यायला सोपं गेलं नाही. इंग्रजांच्या काळ्या यादीतलं नाव नव्या सरकारच्या कागदांतही शिल्लक होतं. १९४९ मध्ये त्यावेळच्या मध्य प्रांताच्या शेतीधोरणावर सल्ला द्यायला ते आले. चाळीसहून जास्त वर्षांनी त्यांनी मायभूमी पाहिली. पुढं १९५५ च्या सुमारास ते कायमचे नागपूरला राहायला आले. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात मका उभा करणारा हा माणूस स्वतःच्या मुलखात मात्र उपेक्षितच राहिला. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांचं निधन झालं.

त्याच काळात मेक्सिकोतल्या गव्हाचं बी हजारो टनांनी भारतात येत होतं. हरितक्रांतीचं ते बी नॉर्मन बोरलॉग यांच्या कामातून आलेलं. १९६६ मध्ये मका आणि गव्हाचं जगातलं मोठं संशोधन केंद्र मेक्सिकोत स्थापन झालं, आणि पुढं त्याचं ठाणं टेस्कोकोजवळ, म्हणजे चापिंगोच्या शेजारीच उभं राहिलं. खानखोजे यांनी त्या मातीत शिकवायला सुरुवात केली त्याला स्थापनेच्या वेळी चाळीस वर्षं होऊन गेली होती. हरितक्रांतीनं धान्य दिलं, पण एकच बी आणि एकच खताची मात्रा सगळीकडं न्यायची सवयही लावली. त्याचा हिशेब आज शिरोळच्या पांढऱ्या पडलेल्या रानात आणि खताच्या वाढत्या बिलात दिसतो.

२०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात खानखोजे यांच्या पुतळ्याचं अनावरण लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते झालं.

यंदा मका करणार असाल तर वाफसा यायच्या आधी मातीची पिशवी प्रयोगशाळेत पोचवा. अहवाल आला की दुकानात जाताना तो मोबाईलमध्ये फोटो काढून न्या, आणि किती पोती घ्यायची ते त्यावरून ठरवा.